पत्त्यांचं पान : एक्का-राजा हातात, तरी हात आखडता

प्रश्न : मी अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. मोबाइलवर एक-दोन रुपयांच्या पोकर टेबलवर खेळत खात्यात सहा हजार जमले, तेव्हा दोन-पाचच्या टेबलवर गेलो. तिथं अगदी जपून खेळायचो, तरी पैसे झिजतच राहिले. मग ऑगस्ट 2025 मध्ये पैशांचे खेळ बंद झाले आणि उरलेली रक्कम बँकेत परत आली. एक हात लिहून पाठवतो आहे. माझं कुठं चुकलं? शिवाय मावसभाऊ म्हणतो, व्हीपीएन (आपलं ठिकाण लपवणारं अ‍ॅप) लावून परदेशी साइटवर खेळ. खेळू का?
– एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : मावसभावाचं आधी निकालात काढतो. नाही. 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या कायद्यात कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद ठेवलेलाच नाही. पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवायचा नाही, त्याची जाहिरात करायची नाही, बँकेनं त्यासाठी पैसे वळते करायचे नाहीत. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, असं मावसभाऊ सांगत असेल तर ते खरं आहे. पण उद्या त्या साइटनं पैसे अडकवले, तर अंबड पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार कोणाविरुद्ध देणार?

आता तुमचा हात, म्हणजे डाव. तुम्ही शेवटच्या जागेवर, म्हणजे डीलर. हातात इस्पिक एक्का आणि चौकट राजा. आधीच्यानं पंधरा केले, तुम्ही नुसता कॉल दिला, म्हणजे तेवढेच भरले. बाकीचे पडले, म्हणजे त्यांनी पानं टाकली. दोन आणि पाचच्या सक्तीच्या रकमा धरून पॉट, म्हणजे मधला गल्ला, 37 रुपये. फ्लॉप, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं : किलवर राजा, बदाम अठ्ठी, बदाम तिर्री. त्यानं बारा लावले, तुम्ही पुन्हा कॉल. पॉट 61. टर्नला, म्हणजे चौथं पान म्हणून, किलवर पंजा आला, त्यानं चेक केलं (काही न लावता पुढं) आणि तुम्हीही चेक केलं. इथं तुम्ही कंसात लिहिलंय, ‘रिस्क नको म्हणून’. रिव्हरला, म्हणजे पाचवं आणि शेवटचं पान, बदाम दुर्री. त्यानं चाळीस लावले, तुम्ही दिले आणि त्यानं बदामचे गुलाम-दश्शी दाखवले, म्हणजे फ्लश, पाचही पानं बदामची. गेले 67. वर तुमची टीप, ‘जपून खेळलो म्हणून कमी गेले’.

जपून? टर्नवर थांबू. त्याला फ्लश लागायला न दिसलेल्या 46 पानांपैकी नऊ बदाम हवेत, म्हणजे वीस टक्क्यांहून किंचित कमी. तुम्ही तिथं चाळीस लावले असते, तर पुढचं पान बघायला त्याला 141 च्या पॉटसाठी चाळीस मोजावे लागले असते. त्यासाठी निदान 28 टक्के शक्यता हवी. तो पडला असता तर 61 तुमचे, आणि कॉल दिला असता तर तोट्याचा सौदा करून. दुर्री तरीही आली असती, त्याला इलाज नाही. पण तुम्ही त्याला ते पान फुकट दाखवलंत आणि ते आल्यावर चाळीस रुपयेही दिलेत. फ्लॉपच्या आधीही तेच. एक्का-राजा, शेवटची जागा, आणि नुसता कॉल! तिथं सरळ पंचेचाळीस-पन्नास करायचे.

हे का होतं, ते तुमच्या पत्रातच आहे. सहा हजारांत एक-दोनच्या टेबलवर दोनशेचे तीस बाय-इन (टेबलवर बसताना घ्यायची रक्कम) होतात. दोन-पाचच्या टेबलवर पाचशेचे बाराच. सहा जणांच्या टेबलवर वीस-तीस बाय-इन गाठीला नसतील, तर चांगलं खेळूनही उतार सोसवत नाही आणि प्रत्येक बेट लावताना बोट अडखळतं. समोरच्याला ते दोन फेऱ्यांत कळतं. सावधपणा हवाच, पण तो टेबलवर बसण्याआधी. वर जाऊन बघायचं होतं तर पंधराशे बाजूला काढायचे. ते संपले की मुकाट्यानं खाली, तिथं पुन्हा साठवायचे. पहिल्या जागांवरून कमी हात खेळणं, दोन बाय-इन गेले की उठणं, हा झाला सावधपणा. बसल्यावर मात्र पान चांगलं असेल तर पैसे पुढे ढकलायचे. तीन पत्तीवर वाढलेल्या आपल्या लोकांना ब्लाइंड खेळून दुसऱ्याला घाबरवता येतं, पण चांगल्या पानाची पुरती किंमत वसूल करताना मात्र जीव खालीवर होतो. सिडकोतल्या प्रत्येक गच्चीवर हे बघायला मिळेल.

आणि लहान टेबलवर नुसतं टिकून राहून भागत नव्हतंच. पॉटमधला कंपनीचा वाटा, 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी, निव्वळ जिंकलेल्यावर 30 टक्के टीडीएस. या खर्चाला ना नफा ना तोटा असं खेळणारा माणूस तोट्यातच जातो.

सराव मोडायचा नसेल तर रविवारी मिसळ झाल्यावर चार मित्र गोळा करा. बिनपैशांचं खेळा, पण चिप्स मोजून द्या आणि संपलेल्याला पुन्हा देऊ नका. चिप्स हव्या तेवढ्या मिळाल्या की कोणी पानं टाकत नाही आणि शिकायलाही काही मिळत नाही. पहिला बाद होईल त्यानं भांडी घासावीत.

पुढच्या वेळी जिंकलेले हातही लिहून पाठवा. विशेषतः मोठं पान असून छोटा पॉट मिळाला ते. तुमचे बरेचसे पैसे तिथं राहिलेत, असा माझा अंदाज आहे.