प्रार्थना रोज करतो, पण बँकेचं पाकीट फोडायची हिंमत होत नाही

प्रश्न: सलाम ताई. मी नाशिक रोडला राहतो, वय ३६. सातपूरच्या कंपनीतलं काम सुटलं, मग अंबडला कमी पगारावर लागलो आणि त्यात पर्सनल लोनचे हप्ते थकले. बँकेचा फोन आला की सायलेंट करतो, पत्रं टीव्हीखालच्या ड्रॉवरमधे तशीच बंद पडलीयेत, बायकोला यातलं काहीच माहीत नाही. रोज रात्री प्रार्थना करतो की प्रभू मार्ग काढ, सकाळी परत तेच. रविवारी चर्चच्या उपासनेत शेवटचं गीत सुरू झालं की निघून येतो, पाळकसाहेब विचारतील म्हणून. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर: सलाम भाऊ. विश्वास नसता तर रोज रात्री गुडघे टेकले नसते तुम्ही. पण एक स्पष्ट बोलते, राग मानू नका, प्रार्थना झाली की आजचं काम झालं असं तुमच्या मनाने धरलंय आणि ड्रॉवर तसाच राहतोय. फोन सायलेंट केला की जरा हायसं वाटतं ना, तेच घात करतं बघा, मनाला सवय लागते की पळालं की सुटका, मग पुढच्या फोनला छाती अजून धडधडते आणि तिकडे व्याज काही थांबत नाही.

बायबलमधला निर्गम १४ वा अध्याय काढून वाचा. पुढे समुद्र, मागे मिसरच्या राजाचे, फारोचे रथ, मोशेने गुलामीतून बाहेर काढलेले लोक ओरडतायत, आणि परमेश्वर मोशेला म्हणतो तू माझा धावा का करतोस, लोकांना सांग पुढे चला. तेव्हा समुद्र अजून दुभंगलेला पण नव्हता! मला हे वाचताना दरवेळी काटा येतो.

आणि भीती गेल्यावर बघू म्हणत असाल तर गिदोनाचं बघा, शास्ते ६. बआल या परक्या देवाची वेदी मोडायची होती, घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती वाटली म्हणून रात्री गेला, एकटा पण नाही, १० चाकर घेऊन. दिवसा का नाही गेलास असं देवाने त्याला कुठेही विचारलेलं नाही. वेदी मोडली, बस. घाबरत घाबरत केलेलं पण देवाकडे जमा होतं भाऊ, हे मी मनापासून मानते.

नहेम्या तर मला फार जवळचा वाटतो, परक्या राजाच्या दरबारात चाकरी करणारा, यरुशलेमेचा मोडलेला कोट परत बांधायला जायचं होतं त्याला. राजाने विचारलं चेहरा का उतरलाय, तर तो स्वतःच लिहितो की मला फार भीती वाटली. तिथेच उभ्या उभ्या देवाची प्रार्थना केली आणि लगेच राजाशी बोलला, किती दिवस लागतील, कुठल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाहिजेत, लाकूड कुठून पाहिजे, सगळं नीट मागितलं. बँकेत असंच बोलायचं.

आता आज रात्री काय करायचं ते सांगते. मुलं झोपली की बायकोला जवळ बसवा आणि पत्रं तिच्यासमोरच फोडा, आधी एकट्याने वाचून मग सांगतो असं करू नका, ते सांगणं परत राहून जाईल. ती रागावेल, रडेल पण, तो तिचा हक्क आहे. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत जातं, म्हणून तारखा बघा आणि त्याआधीच शाखेत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मिळेलच असं नाही, पण न मागता तर नाहीच मिळणार. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, धमकी दिली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

या रविवारी शेवटच्या गीतानंतर थांबा. पाळकसाहेबांना सगळं सांगायची गरज नाही, घरात पैशाची अडचण आहे, आमच्यासाठी प्रार्थना करा, एवढं पुरे. आणि शाखेत जाताना पगाराच्या स्लिपा, खात्याचं स्टेटमेंट घ्या आणि बायकोला सोबत न्या.