गीझर बंद केलास का?

प्रिय चिऊ,

शनिवारी तुझी मैत्रीण राहायला आली होती. तुम्ही दोघी जेवायला खाली आलात आणि परत वर गेलात, तोवर आजीचा एक राउंड होऊन गेला होता. दिवा बंद, चार्जर भिंतीवरच्या बटणापासून बंद, रेडिएटरचा नॉब शून्यावर, आणि ज्या खोलीत कोणी नाही तिचं दार ओढून घेतलेलं. मैत्रीण हसली आणि तू लाल झालीस. रविवारी गाडीत तू विचारलंस, "आई, मराठी लोक कंजूष असतात का? का फक्त आपणच?" मी तेव्हा राउंडअबाउटमध्ये शिरत होते, "घरी गेल्यावर सांगते" म्हटलं आणि मग विसरले. म्हणून हे पत्र. इथे ब्रिटनमध्ये तुझ्या शनिवारच्या मराठीच्या वर्गाला तेवढाच वाचनाचा सराव.

आधी कंजूषपणाचं बघू. कंजूष माणसाला मराठीत चिक्कू, कद्रू, चिंगूस, कवडीचुंबक अशी पुष्कळ नावं आहेत. म्हणजे ही जात आपल्यात आहे आणि लोक तिला बरोबर ओळखतात. पण याच आजीनं त्या रात्री तुझ्या मैत्रिणीच्या तिसऱ्या थालीपिठावर लिंबाएवढा लोण्याचा गोळा ठेवला, ती नको नको म्हणत असताना. चिंगूस बाई असं करत नाही. तिचा हात आखडतो तो फक्त तीन गोष्टींना: गॅस, गरम पाणी आणि लाइट. असं का, ते सांगायचं तर मला कराडच्या मोरीत जावं लागेल.

आमच्या मोरीच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब होता. तू तो फोटोत पाहिलायस आणि "रॉकेट" म्हणाली होतीस. ते काही अगदीच चुकीचं नव्हतं. मधोमध एक उभी नळी, तीच चूल आणि तीच चिमणी. तिच्याभोवती पाणी. खाली जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. नळीत वरून जळण टाकायचं: काटक्या, शेण्या, नारळाच्या शेंड्या, मक्याची बुरकुंडं, आणि कराड म्हणजे उसाचा मुलूख, म्हणून वाळलेली चिपाडं. चिपाड भसकन पेटतं आणि तितक्याच पटकन संपतं. म्हणून पेटवायला चिपाड आणि टिकायला शेणी, हे मला सहाव्या वर्षी कळत होतं. पहाटे पाचला आजी उठून बंब पेटवायची. पहिला धूर मोरीभर व्हायचा, तिचे डोळे चुरचुरायचे, खोकला यायचा. मग पाणी सूं सूं करायला लागलं की घर हळूहळू जागं व्हायचं.

आता या बंबाची गंमत ऐक. त्याला नेहमीसारखा फिरवायचा नळ नव्हता. वरच्या बाजूला एक उघडी तोटी आणि दुसऱ्या बाजूला नरसाळं. नरसाळ्याची नळी आत थेट तळापर्यंत गेलेली. नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं की ते तळाशी जायचं, आणि वर तरंगणारं तेवढंच कढत पाणी तोटीतून बादलीत पडायचं. गरम पाणी हलकं असतं हे तुला शाळेत शिकवलंय, ते आम्ही रोज सकाळी अंगावर घ्यायचो. म्हणजे बघ, गार पाणी ओतल्याशिवाय गरम मिळायचंच नाही. ओतायचं पाणी हौदातून आणायचं, हौद भरायला नळाला पाणी यायला हवं, आणि नळ सकाळी तासभर. सहा माणसांची अंघोळ. मागच्याला कोमट पाणी मिळालं तर पुढचा कोण होता याची चौकशी व्हायची. तो बहुतेक वेळा मामा असायचा.

बंबाची धग वाया जात नसे. निखाऱ्यात रताळं पुरून ठेवलेलं असायचं, ते शाळेत जाताना दप्तरात. राख भांडी घासायला. उरलेलं कोमट पाणी कपड्यांना. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी बंब चिंचेनं घासून लखलखीत करायचा, भरून ठेवायचा, त्याला हळदकुंकू वाहायचं, गळ्यात झेंडूची माळ. बॉयलरला कोणी माळ घालेल का? आपला बॉयलर स्वयंपाकघरातल्या कपाटात दडलेला आहे, तुझ्या मैत्रिणीला तर तिच्या घरातला कुठे आहे हेही माहीत नसेल.

हे वाचून तुला वाटेल, आजीला बंबाची आठवण येत असेल. छे! 1993 साली गीझर बसवला त्याच आठवड्यात तिनं बंब मोडीत काढला, तांब्याच्या वजनावर. मी रडले. ती म्हणाली, "तू पेटव रोज पाचला, मग ठेवते." बंबाचं कौतुक मला आहे, तिला नाही, कारण धूर तिच्या डोळ्यांत गेला होता, माझ्या नाही. गीझर ही तिला आयुष्यात मिळालेली मोठी चैन. म्हणूनच त्याचं बटण एक मिनिट जास्त चालू राहिलं तर तिला खपत नाही. "गीझर बंद केलास का?" हे वाक्य मी बसस्टँडवर, परीक्षेच्या हॉलबाहेर आणि एकदा लग्नाच्या मांडवात ऐकलंय.

फ्रिजचंही तसंच. गोदरेजनं भारतात बनलेला पहिला फ्रिज 1958 साली आणला, आमच्या घरात यायला त्याला आणखी तीस वर्षं लागली, तेही वापरलेला. त्याच्या दाराला कुलूप होतं, किल्ली आजीच्या कमरेला. शेजारी स्टॅबिलायझर, त्याचा काटा सतत थरथरत. संध्याकाळी सगळ्या गावानं दिवे लावले की व्होल्टेज पडायचं, ट्यूब नुसती लुकलुकायची, आजोबा स्टुलावर चढून ती हातानं फिरवायचे. थंडीत फ्रिज सरळ बंद. बाहेरच गार आहे तर आत कशाला? दोन महिने त्यात कांदे-बटाटे आणि माझ्या जुन्या वह्या असायच्या.

आणि लाइट जायची. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तू प्रीतिसंगमावर भेळ खाल्ली आहेस. त्याच कोयनेवर वर हेळवाकजवळ धरण आहे. पण विजेसाठी वापरलं जाणारं धरणाचं बहुतेक पाणी आपल्याकडे येतच नाही. ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पलीकडे कोकणात पोफळीच्या बाजूला उतरतं, तिथं जमिनीखालच्या वीजघरांत टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळतं. प्रकल्पाची एकूण क्षमता 1,960 मेगावॉट. महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात कोयनेला. आणि त्या नदीच्या काठावर आम्ही मेणबत्तीत पाढे म्हणत बसायचो. आजोबा म्हणायचे, "पाणी तिकडे, लाइट मुंबईला, आपल्याकडे नुसता संगम."

आजोबांची एक निळी वही होती. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा. त्या वहीला कारण होतं. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो. आजही पहिल्या 100 यूनिटांना एक दर, 101 ते 300 ला त्याहून बराच जास्त, पुढे आणखी. म्हणून "शंभराच्या आत" हा आमच्या घरात परीक्षेतल्या पहिल्या नंबरासारखा विषय. आपण इथे येताना आजी तीच वही पिशवीत घालून आली आहे, हे तुला माहीत नसेल. शेजारणीला रोज फोन करून मीटर विचारते. घर बंद आहे, तरी बिल येतंच, त्यात "स्थिर आकार" असतो. तिला मी इथला स्टँडिंग चार्ज दाखवला तेव्हा तिचा चेहरा खुलला. "म्हणजे इथेही स्थिर आकार आहे!" जणू गावाकडचं कोणी भेटलं.

आता 2022. तू लहान होतीस, तुला फक्त दोन ब्लँकेटं आणि गरम पाण्याची पिशवी आठवत असेल. 2021 च्या ऑक्टोबरात इथे विजेचं एक यूनिट (म्हणजे एक किलोवॉट-तास) साधारण 21 पेन्सला होतं आणि गॅसचं तेवढंच यूनिट 4 पेन्सला. वर्षभरानं वीज 34 आणि गॅस 10, तेही सरकारनं मध्ये पडून दर धरून ठेवला म्हणून. रशियानं युक्रेनवर हल्ला केला, युरोपला येणारा गॅस आटला, भाव भडकले. तू विचारशील, गॅस महागला तर वीज का? इथल्या बाजारात शेवटची गरज भागवायला जे वीजघर चालू करावं लागतं, त्याचा भाव सगळ्यांना लागतो, आणि ते बहुतेक वेळा गॅसवरचं असतं. म्हणजे बाहेर पवनचक्की फिरत असली तरी तिची वीज गॅसच्या भावानं. बाबा अजूनही यावर चिडतो. त्या हिवाळ्यात आमच्या खात्यातून वीज-गॅससाठी महिन्याला कापली जाणारी रक्कम एका पत्रानं दुप्पट झाली. फोनवर पाऊण तास गाणं ऐकलं, मग एका मुलानं सांगितलं की "सिस्टीमनं ठरवलंय." सरकारनं प्रत्येक घराला सहा हप्त्यांत 400 पौंड दिले, त्यानं थोडं निभावलं. लायब्ररीत लोक उबेला येऊन बसायचे, त्यासाठी मुद्दाम जागा केल्या होत्या. हातमोजे घालून पेपर वाचणारे एक आजोबा तुला तिथे भेटायचे, आठवतं?

त्या दिवसांत मी रात्री घरभर बटणं बंद करत फिरताना जिन्याच्या आरशात स्वतःला पाहिलं. गाऊनवर स्वेटर, पायात लोकरीचे मोजे, हात भिंतीवर. हुबेहूब आजी. दर तेव्हापेक्षा उतरलेत, पण 2021 च्या जागी काही परत गेले नाहीत, आणि मीही गेले नाही.

मराठी असण्याचा याच्याशी किती संबंध, असं तू विचारलंस ना? शेजारच्या आजींना विचार. परवा त्या चहाला आल्या, किटलीत काठोकाठ पाणी पाहून त्यांनी आपणहून निम्मं ओतून टाकलं. तीन कप चहाला पावणेदोन लिटर कशाला? लिटरभर पाणी उकळायला यूनिटचा एक दशांश तर लागतोच. आपली आजी त्यांच्याकडे अशी बघत होती की माहेरची बहीण सापडली. त्यांच्या लहानपणी मीटरमध्ये शिलिंगचं नाणं घालावं लागे, नाणं संपलं की अंधार. 1974 मध्ये, जानेवारीपासून दोनेक महिने, कोळसा खाणकामगारांच्या संघर्षामुळे इथल्या कारखान्यांना आणि ऑफिसांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती, त्या हिवाळ्यात काही आठवडे टीव्हीही रात्री साडेदहाला बंद व्हायचा. आणि त्यांच्या आईचं रोजचं वाक्य होतं, "इमर्शन बंद केलंस का?" इमर्शन म्हणजे टाकीतलं पाणी तापवायची विजेची कांडी, आपला गीझरच. मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा आजी इतकी हसली की तिचा चहा बशीत सांडला. तो तिनं बशीतूनच प्यायला, वाया घालवायचा नाही म्हणून.

तेव्हा मैत्रिणीला सांगायचं असेल तर "माझी आजी अशीच आहे" एवढं सांग, "मराठी लोक असेच असतात" असं नको. ते खरंही नाही. पुण्यात तुझ्या मावशीकडे तीन एसी आहेत आणि एकाचाही रिमोट कधी सापडत नाही.

आजीशी मी बोललेय. पाहुणे असताना तुझ्या खोलीत राउंड घालणार नाही, असं तिनं कबूल केलंय. तिची एक अट आहे आणि मला ती पटते. मी हिशोब मांडून पाहिला: तुझी दहा मिनिटांची शॉवरखालची अंघोळ म्हणजे सुमारे 90 लिटर पाणी. थंडीतलं नळाचं पाणी अंगाला सोसेल इतकं तापवायला साडेतीन यूनिटं गॅस. आजीची पंधरा लिटरची एक बादली अर्ध्या यूनिटाच्या थोडी वर. तू एकटी सहा बादल्या घेतेस, म्हणजे आमच्या अख्ख्या घराची अंघोळ. तिचं म्हणणं पाच मिनिटं. केस धुवायच्या दिवशी सूट.

पुढच्या दिवाळीला आपण कराडला असू. पलीकडच्या गल्लीतल्या काकूंनी त्यांचा बंब अजून मोडीत काढलेला नाही, परसात आहे, वर्षातून एकदा पेटतो. मी त्यांना फोन करून ठेवलाय. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला उठायचं, चिपाडं मी पेटवीन. पहिली बादली तुझी, पण नरसाळ्यात पाणी तूच ओतायचं, आणि हौद अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

तुझी,
आई

ता. क. लँडिंगवरचा दिवा चालू आहे. मी खालून बघतेय.