आयरिशमधला ‘अ’: त्याचा, तिचा की त्यांचा?

प्रश्न असा आहे: आयरिश भाषेत ‘त्याचं’, ‘तिचं’ आणि ‘त्यांचं’ या तिन्हींना ‘अ’ हा एकच शब्द आहे म्हणे, मग घोटाळा होत नाही का?

नाही होत, कारण खूण पुढच्या शब्दाच्या तोंडाशी असते. मांजराला आयरिशमध्ये ‘कात’ म्हणतात (विड्यातला नव्हे). त्याचं मांजर ‘अ ख़ात’, यातला ख़ घसा घासून येणारा, ‘ख़बर’मधला. तिचं मांजर ‘अ कात’. त्यांचं मांजर ‘अ गात’. शब्द स्वराने सुरू होत असेल तर? वडील म्हणजे ‘आहर’. त्याचे ‘अ आहर’, तिचे ‘अ हाहर’, त्यांचे ‘अ नाहर’.

आपण शब्दाचं शेपूट बदलतो (घर, घराला), आयरिश माणूस शेंडाही बदलतो. यात मनमानी नाही. आयरिश आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे या तिन्ही ‘अ’ची भावंडं संस्कृतात शाबूत आहेत: अस्य, अस्याः, एषाम्. पहिल्याच्या शेवटी स्वर, म्हणून पुढचं व्यंजन दोन स्वरांत सापडून घासलं गेलं. दुसऱ्याच्या शेवटच्या ‘स्’ने व्यंजन राखलं आणि स्वरापुढे तोच ‘ह’ होऊन उरला. आपला विसर्गही तसाच ‘स्’चा ‘ह’. तिसऱ्याचं अनुनासिक पुढच्या शब्दाला चिकटलं. काळाच्या ओघात शेवट झिजून तिन्ही शब्द ‘अ’ झाले, परिणाम तेवढे राहिले.

क चा ख़ होणं म्हणजे ‘शेवू’, क चा ग होणं म्हणजे ‘उरू’. शेवू लिहिताना मूळ अक्षरानंतर एच घालतात. जुन्या गेलिक वळणाच्या छपाईत अक्षरावर टिंब देत. उरूत नवं अक्षर मूळ अक्षराच्या आधी बसतं. ‘त्यांच्या मांजरा’त जी आणि सी दोन्ही लिहायचे, उच्चार फक्त जीचा. नवशिके हमखास इथे अडतात: शब्दकोशात जीखाली शोधत बसतात. सुरुवातीचा जी काढा, सीखाली पाहा. विशेषनामात मोठं अक्षर मूळ अक्षरालाच मिळतं, त्यामुळे ‘डब्लिनमध्ये’ लिहिताना (डब्लिनचं आयरिश नाव बी ने सुरू होतं) आधी लहान एम आणि मग मोठा बी येतो. ती छपाईची चूक नव्हे.

आकड्यांचंही तेच. 2 ते 6 नंतर शेवू, 7 ते 10 नंतर उरू, आणि नाम सहसा एकवचनीच. लॅटिनमधले सेप्टेम, नोवेम, डेकेम पाहिले की 7, 9, 10 चं अनुनासिक दिसतं. आठाला ते नव्हतंच; तो शेजाऱ्यांचं पाहून शिकला. माणसं मोजायला मात्र वेगळे शब्द, आपल्या दोघं-तिघं-चौघंसारखे: ‘बेर्ट’, ‘त्रूर’ वगैरे. आपली गाडी चौघांवर थांबते, त्यांची दहापर्यंत जाते.

वाक्यात क्रियापद आधी, मग कर्ता, मग कर्म. ‘जवळ असणे’ या अर्थाचं, इंग्रजी ‘हॅव’सारखं क्रियापद आयरिशमध्ये नाही. ‘ता कात अगम’ म्हणजे शब्दशः ‘आहे मांजर माझ्याकडे’. इंग्रजी बोलणारे इथे अडखळतात, मराठी माणसाला ते घरचंच वाटावं. ‘अगम’मध्ये ‘कडे’ आणि ‘मी’ एकजीव झाले आहेत, ‘तुझ्याकडे’ला ‘अगत’. ‘हो’ आणि ‘नाही’ यांना स्वतंत्र शब्द नाहीत, क्रियापदच परत म्हणायचं. मांजर आहे का, असं विचारलं तर उत्तर ‘ता’, नसेल तर ‘नील’.