पंचवीस टक्क्यांचा अर्ज पहिल्यांदाच भरताय? मग एवढं करा

ताई, पोरीसाठी आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळेत राखीव २५ टक्के जागांवर मोफत प्रवेशाचा अर्ज कसा भरायचा, ते तुम्ही विचारलं. घाबरू नका. मी दोन्ही पोरांचे अर्ज भरले, कुठं एक रुपयाही लागला नाही. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

आधी कागदं. कापूस वेचणीच्या धांदलीत सेतूवर जाणं राहून जातं, अन् अर्जाची मुदत निघून जाते. जन्मदाखला अन् राहण्याचा पुरावा आत्ताच काढून ठेवा. तुम्ही ओबीसी म्हणता, मग जातीचा दाखला पुरे, उत्पन्नाचा लागत नाही. तो फक्त खुल्या गटाला लागतो, वर्षाला १ लाखाच्या आतला. लोक उगाच तहसीलच्या चकरा मारतात!

दुसरं, ऑनलाइन अर्जातला नकाशा, ज्यावर घराची खूण करायची असते. यावर खरंच वेळ द्या. घर ते शाळा अंतर त्यावरूनच धरतात. माझ्या थोरल्याच्या वेळी भरणाऱ्यानं खूण तालुक्याच्या चौकात ठेवली, वावराशेजारचं आमचं घर राहिलं बाजूला. पडताळणीत नंबर गेला. अजून वाईट वाटते. तुम्ही स्वतः शेजारी बसून आपल्या घरावर बोट ठेवून दाखवा.

बाकी दोन चुका:
- एकाच लेकराचे दोन अर्ज. दोन्ही बाद होतात.
- नुसत्या मेसेजची वाट पाहणं. आमच्याकडं रेंज कुठं असते? सोडत निघाली की आरटीईच्या पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः पाहा.

नंबर लागला तर आठवीपर्यंत फी नाही. तोवर पोरीला अंगणवाडीत रोज पाठवा, खंड पाडू नका. शाळा कोणत्या निवडायच्या ते कागदं हाती आल्यावर विचारा, मी सांगते.