लिलावातलं जुनं अमेरिकन लाकडी बदक मूळ रंगाचंच आहे, हे कसं ओळखायचं?

सर्वात आधी रंग तपासा, किंमत तिथेच ठरते. ही बदकं, म्हणजे डिकॉय, खऱ्या पक्ष्यांना भुलवायला पाण्यावर सोडत. रंग उडाला की शिकारी स्वतःच नवा हात मारायचे, म्हणून मूळ रंगाचा नग विरळाच.

दहापट भिंग घ्या. टवका उडालाय तिथली कड बघा: खाली दुसऱ्याच रंगाचा थर दिसला तर वरचा रंग बहुधा नंतरचा. लाकडाला भेग असेल तर आत डोकवा. रंग भेगेत उतरलेला असेल, तर तो भेग पडल्यावर लावलाय, सरळ हिशेब. मग अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. नंतरची डागडुजी बहुधा वेगळी चमकते.

डेट्रॉइटच्या मेसन कारखान्याच्या (१८९६ ते १९२४) बदकांत मान आणि धड यांच्या सांध्यात पुट्टी भरलेली असे. ती सुकून गळणं अगदी नेहमीचं. त्यामुळे सांधा गुळगुळीत, अखंड दिसला तर आनंदू नका, आधी शंका घ्या. चोच आणि शेपटीचं टोकही नवं जोडलेलं असू शकतं.

झीज हात लागतो तिथे हवी: डोकं, चोच, पोटाची कड. सगळीकडे सारखी घासलेली असेल तर ते सँडपेपरचं काम. तळावरचा शिक्का मात्र शेवटी बघा, तो नकलीही मारता येतो.

विक्रेत्याकडून ‘मूळ रंग’ हे लेखी घ्या. घरी आणल्यावर पाणी, पॉलिश, जवसाचं तेल काहीही लावू नका. मऊ कोरडा ब्रश पुरे.