सबमिट झालेलं बिल का उघडत नाही

प्रिय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र सकाळी वाचलं आणि दुपारी पुन्हा काढून वाचलं. ईआरपीनेक्स्टवर, म्हणजे धंद्याचा हिशेब आणि साठा सांभाळणाऱ्या त्या उघड्या सोर्सच्या सॉफ्टवेअरवर, काम सुरू करून तुला तीन महिने झाले, पायथन आधीपासून चांगलं येतं, आणि तरी सबमिट होऊन पक्क्या झालेल्या सेल्स इन्व्हॉइसमधला (विक्रीच्या बिलातला) दर बदलता यावा एवढ्या एका मागणीत तुझा अख्खा आठवडा गेला. ‘सगळा सोर्स कोड समोर उघडा आहे, पण हाताला काही लागत नाही,’ असं लिहिलंयस. आणि खाली, ‘मला हे बहुतेक जमणार नाही.’ ते शेवटचं वाक्य मनाला लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

या कामात दोन चढ आहेत. ते एकमेकांत इतके मिसळलेले असतात की आपण नेमके कुठे दमतोय तेच कळत नाही. पहिला चढ फ्रॅपे फ्रेमवर्कचा, म्हणजे ज्या सांगाड्यावर ईआरपीनेक्स्ट उभं आहे त्याचा: डॉकटाइप (दस्तऐवजाचा साचा), हुक्स (आपला कोड जोडायच्या जागा), क्लायंट स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड), साइट सांभाळायच्या बेंचच्या कमांड. तो तू जवळजवळ चढली आहेस. दुसरा चढ हिशेबाचा, आणि त्याबद्दल तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना लिहायची द्विनोंदी पद्धत १४९४ साली लुका पाचोलीच्या ग्रंथात छापून आली. तेव्हापासून व्यापाऱ्यांनी आणि लेखापरीक्षकांनी जे नियम वापरून वापरून पक्के केले, ते तुझ्यासमोरच्या कोडमध्ये जागोजागी अटी होऊन बसलेत. अट दिसते, तिच्यामागचं कारण तिथे लिहिलेलं नसतं. मग ती अट म्हणजे नुसती अडवणूक वाटते.

यावर एक काम सांगतो. पुढचे चार दिवस कोड उघडू नकोस. टेस्ट साइटवर एक रिकामी कंपनी बनव आणि एकच खरेदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ने. १० नग, दर १००. पर्चेस ऑर्डर सबमिट कर आणि जनरल लेजर (सगळ्या खात्यांची खातेवही) उघड. तिथे काहीच दिसणार नाही, कारण ऑर्डर म्हणजे नुसता शब्द दिलेला. अजून ना माल हलला, ना देणं लागलं. मग पर्चेस रिसीट (माल मिळाल्याची नोंद) कर. आता दोन ओळी दिसतील: साठ्याच्या खात्याला १००० नावे, आणि ‘माल आला, बिल यायचंय’ अशा अर्थाच्या एका खात्याला १००० जमा. या मधल्या खात्यावर थांब, घाई करू नकोस. माल दारात आला म्हणजे देणं तयार झालं, पण कुणाचं बिल नेमक्या किती रकमेचं ते अजून कागदावर नाही, म्हणून ती रक्कम तिथे तात्पुरती उभी राहते. बिल आलं की तिथून उठून पुरवठादाराच्या खात्यावर जाते.

आता तेच बिल १०५ दराने आलं असं धर. सेटिंग तशी असेल तर सिस्टीम तुला आधी अडवेलच. पण ती अट काढली, तर वरचे ५० कुठे जायला हवेत? समजा तोवर ४ नग विकलेही गेले. तर सरळ विचाराने ५० पैकी २० विकलेल्या मालाच्या खर्चात आणि ३० उरलेल्या साठ्याच्या किमतीत पडायला हवेत. तुझ्या सिस्टीममध्ये ते तसे पडतात, की मधल्या खात्यात अडकून राहतात? लेजर उघडून स्वतः बघ. या एका प्रश्नाचं उत्तर तुला जितकं शिकवेल तितकं महिनाभर कोड वाचून मिळणार नाही.

ओडू हे असंच दुसरं सॉफ्टवेअरही कधी जमलं तर चाळून बघ. त्यातल्या साठ्याच्या रचनेवर माझा फार जीव आहे. तिथे माल कधी ‘नाहीसा’ होत नाही, तो फक्त एका जागेहून दुसऱ्या जागी जातो. पुरवठादार ही एक जागा, ग्राहक ही एक जागा, आणि हरवलेल्या मालासाठीसुद्धा एक आभासी जागा असते. म्हणजे पैशाच्या हिशेबातलं नावे-जमा त्यांनी खोक्यांना लावलं. हे मनात बसलं की साठ्याचा कुठलाही गुंता सोडवताना ‘हा माल कुठून निघाला आणि कुठे गेला’ एवढंच विचारावं लागतं.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण तुझाही हात त्याच वाटेने जाईल. पहिल्याच वर्षी एका मालाचा साठा स्क्रीनवर चुकीचा दिसत होता. संध्याकाळ झालेली, गोदामातून सारखे फोन. मी थेट मारियाडीबी या डेटाबेसमध्ये शिरलो आणि बिनच्या टेबलमधला (शिल्लक साठा दाखवणारा) आकडा एका अपडेट क्वेरीने बदलून टाकला. स्क्रीनवर बरोबर आकडा आला, सगळ्यांनी आभार मानले. काही दिवसांनी साठ्याच्या नोंदी पुन्हा मोजल्या गेल्या आणि जुना आकडा जसाच्या तसा परत आला. बिनमधला आकडा ही फक्त बेरीज असते. ज्या नोंदींची ती बेरीज, त्या स्टॉक लेजरमध्ये होत्या आणि तिथे मी काहीच लिहिलं नव्हतं. त्याच मालाची मधल्या दिवसांत विक्री झाली होती, त्यामुळे उलगडा करायला आम्हाला दोन रात्री लागल्या. योग्य वाट तेव्हाही होती: स्टॉक रिकन्सिलिएशन. त्यात प्रत्यक्ष मोजणी लिहायची, फरकाची नोंद खात्यात पडते, आणि कुणी, कधी केली तेही राहतं. तेव्हापासून चालू सिस्टीमच्या डेटाबेसमध्ये मी हाताने आकडा बदललेला नाही, आणि तूही बदलू नयेस अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कस्टमायझेशनकडे येतो. कस्टमाइझ फॉर्ममधून तू जे करतेस, म्हणजे नवं फील्ड, लेबल, एखादी गोष्ट लपवणं, ते मूळ डॉकटाइपला धक्का न लावता बाजूला साठवलं जातं. म्हणून ते अपडेटनंतरही टिकतं. त्यापुढची गरज असेल तर स्वतःचं वेगळं अॅप कर आणि हुक्समधून डॉक इव्हेंटला (दस्तऐवज सेव्ह किंवा सबमिट होण्याच्या क्षणाला) तुझं फंक्शन जोड. पूर्ण क्लास ओव्हरराइड करायचा, म्हणजे मूळ क्लासच्या जागी आपला बसवायचा, मोह होईल. पण एका इव्हेंटवर कितीही अॅप्स आपापलं काम जोडू शकतात, ओव्हरराइडमध्ये मात्र शेवटी एकाचाच क्लास चालतो. आणि स्क्रीनवरून केलेली कस्टम फील्ड्स फिक्स्चर (कोडसोबत ठेवायची फाइल) म्हणून अॅपमध्ये उतरवून गिटमध्ये (बदलांचा इतिहास राखणाऱ्या साधनात) ठेव, नाहीतर वर्षभराने कुठलं फील्ड कुणी आणि का केलं ते कुणालाच सांगता येत नाही.

ईआरपीनेक्स्टच्या मूळ फाइलला मात्र हात लावू नकोस, एका ओळीसाठीसुद्धा नाही. कारण फक्त पुढचं अपडेट अडेल एवढंच नाही. उघड्या सोर्सच्या इतर ईआरपींकडे बघ: २००६ मध्ये कंपिअरेपासून अडेंपिअरे वेगळं झालं, २००८ मध्ये टायनीईआरपीपासून ट्रायटन. त्या लोकांनी विचार करून वेगळी चूल मांडली, आणि ती पेटती ठेवायला माणसं होती. तू कोअरमध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, एक ओळ बदललीस की तूही तशीच वेगळी चूल मांडलीस, पण ती सांभाळायला तू एकटी. पुढचा प्रत्येक सुरक्षा पॅच, प्रत्येक नवी आवृत्ती तुलाच जुळवून घ्यायची. कोअरमध्ये खरोखर चूक सापडली तर दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडेच पाठव. ती स्वीकारली गेली की सांभाळायला इतकी माणसं येतात. सोर्स उघडा असल्याचं खरं सुख मला तिथे मिळालंय.

आणि कुठलाही बदल करण्याआधी, ज्याच्यासाठी करायचा त्याच्या शेजारी जाऊन बस. एका ठिकाणी गोदाम सांभाळणारे काका कॉम्प्युटरशेजारी एक वही ठेवायचे. ती वही बंद व्हावी म्हणून आम्ही फुटक्या मालाचं एक नवं मॉड्यूल आखलं होतं, आराखडाही मंजूर झाला होता. काम सुरू करायच्या आदल्या दिवशी मी तासभर त्यांच्या बाजूला बसलो. गाडी आली, त्यांनी खोकी मोजली, तीन फुटकी निघाली. स्क्रीनवर पूर्ण आकडा टाकला आणि वहीत ‘३ फु.’ लिहून भोवती गोल केला. मी विचारलं, हे इथे का नाही टाकत? ते म्हणाले, “जागाच नाही ना त्याला.” पर्चेस रिसीटमध्ये नाकारलेल्या मालाचं फील्ड मुळातच असतं, आणि तो माल ठेवायचं वेगळं गोदामही नेमता येतं. फॉर्म सुटसुटीत दिसावा म्हणून सुरुवातीला आम्हीच ते फील्ड लपवलं होतं. दहा मिनिटांत ते परत आणलं. मॉड्यूल कधीच लिहावं लागलं नाही.

आता तुझी मागणी. फ्रॅपेमध्ये दस्तऐवजाच्या तीनच अवस्था असतात: ० म्हणजे मसुदा, १ म्हणजे सबमिट, २ म्हणजे रद्द. सबमिट होताच त्या बिलाच्या नोंदी खात्यात पडतात, ग्राहकाकडची येणी वाढतात, करही खात्यात नोंदला जातो. त्यानंतर नुसता बिलावरचा दर बदलला तर कागद एक बोलेल आणि खातं दुसरं. म्हणून सिस्टीम तुला दाराशी थांबवते, आणि ते बरोबर आहे. पैशाशी संबंध नसलेली फील्ड्स, जसं शेरा किंवा गाडीचा नंबर, यांना ‘अलाऊ ऑन सबमिट’ (सबमिटनंतरही बदलायची मुभा) खुशाल दे. दराच्या बाबतीत मूळ बिल रद्द करून अमेंड करायचं, म्हणजे त्याची सुधारित प्रत काढायची. नव्या बिलाच्या क्रमांकाला पुढे -१ लागतं आणि जुनंही नोंदीत राहतं. बिल ग्राहकाच्या हातात गेलं असेल तर क्रेडिट नोट (ग्राहकाच्या नावची रक्कम कमी करणारा कागद).

पण मला वाटतं त्यांचं दुखणं वेगळं असावं. दर इतक्या वेळा का चुकतो ते विचार. प्राइस लिस्ट वेळेवर बदलली जात नसेल, किंवा तपासणारा आणि सबमिट करणारा माणूस एकच असेल. उद्या ज्यांनी मागणी केली त्यांच्याकडे जा, गेल्या महिन्यात दर चुकलेली पाच बिलं काढायला सांग, आणि प्रत्येकाचा दर कुठून आला ते दोघांनी मिळून शोधा. काय सापडलं ते मला कळव.

तुझा,
काका