वाचक विचारतात : अलास्कातील वसंतातली अस्वलाची शिकार

प्रश्न : मी सिॲटलजवळ नोकरी करतो आणि एच-वन-बी व्हिसावर आहे. कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी पुढच्या एप्रिलअखेरीस अलास्कातील कोडियाक बेटावर तपकिरी अस्वलाच्या शिकारीला जाणार असून, मलाही सोबत येण्याचा त्यांचा आग्रह आहे. आजोबांकडून ऐकलेल्या संस्थानी काळातल्या गोष्टी, एवढाच माझा शिकारीशी संबंध. गाइड घ्यावाच लागतो का, आणि इतके दिवस तिथे नेमके करायचे काय असते?
— एक वाचक, बेलव्ह्यू

उत्तर : गाइड घ्यावाच लागतो. अलास्काचा रहिवासी नसलेल्या कोणालाही तपकिरी अस्वलाची शिकार करायची असेल, तर सोबत परवानाधारक गाइड असणे कायद्याने बंधनकारक आहे. अपवाद फक्त अलास्कात राहणाऱ्या अगदी जवळच्या रक्ताच्या किंवा विवाहसंबंधातल्या प्रौढ नातेवाइकाचा. कोडियाकच्या बहुतेक भागांत अस्वलासाठीचे वेगळे परवाने सोडतीने मिळतात आणि वसंतातला हंगाम १ एप्रिल ते १५ मे असा असतो. खर्चाचा अंदाज आधीच घेतलेला बरा. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला शिकारीचा सर्वसाधारण परवाना १६० डॉलरना आणि अस्वलाचा टॅग (मारलेल्या जनावराला लावायची क्रमांकाची पट्टी) १,००० डॉलरना पडतो, पण ही रक्कम गाइडच्या शुल्कापुढे किरकोळच, कारण ते सहज वीस हजार डॉलरच्या पुढे जाते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या व्हिसाची आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरतो; मात्र त्या व्यक्तीकडे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार-परवाना असेल, तर हा निर्बंध लागू होत नाही. ‘रायफल माझी नाही, मित्राची आहे’ हा बचाव येथे उपयोगी पडत नाही, कारण कायदा मालकी पाहत नाही, ताबा पाहतो. म्हणून परवाना हाती येण्यापूर्वी, नुसत्या सरावासाठीसुद्धा, बंदुकीला हात लावू नये, आणि परवाना मिळाल्यावरही स्थलांतरविषयक वकिलाचा सल्ला एकदा घ्यावा. ग्रीन कार्डाच्या रांगेत असणाऱ्याने ही काळजी घेतलीच पाहिजे.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. आजोबांच्या गोष्टींतले हाकारे, ढोल आणि मचाण मनातून काढून टाका. कोडियाकवरची वसंतातली शिकार म्हणजे मुख्यतः बसणे आणि पाहणे. लहान विमान आपल्याला एखाद्या खाडीच्या काठी उतरवते, आणि विमानातून उतरलेल्या दिवशी शिकार करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजेपर्यंत थांबावे लागते. आकाशातून अस्वल हेरायचे आणि लगेच उतरून मारायचे, असे कोणी करू नये म्हणून हा नियम आहे. त्यानंतर रोज सकाळी एखाद्या टेकाडावर, वारा तोंडावर घेऊन, समोरचा उतार दुर्बिणीने इंच-इंच तपासत बसायचे. एप्रिलमध्ये आल्डरच्या झुडपांना अजून पाने फुटलेली नसतात, वरच्या उतारांवर बर्फ असते, आणि त्या बर्फात नुकत्याच गुहेबाहेर पडलेल्या अस्वलाची पायवाट मैलभरावरूनही रेघेसारखी दिसते. पाऊस, गारवा आणि धुके यांची तयारी ठेवावी. अनेक दिवस तंबूतच काढावे लागले, तरी त्यात गाइडचा दोष नसतो.

अस्वल दिसल्यावरच गाइडचे खरे काम सुरू होते, आणि ते काम बहुतेक वेळा ‘नको’ म्हणण्याचे असते. अस्वल नर आहे की मादी, पूर्ण वाढीचे आहे की तरणे, सोबत पिल्ले आहेत का, हे ठरवायला कधी एक तास लागतो, तर कधी तीन. जाणते गाइड अस्वलाचे डोके आणि चाल पाहतात. मोठ्या नराचे डोके इतके रुंद झालेले असते, की कान लहान आणि एकमेकांपासून लांब वाटतात; चालताना तो पुढचे खांदे टाकत, डुलत जातो. हौशी माणसाला मात्र पहिल्या दिवशी प्रत्येकच अस्वल प्रचंड दिसते! कोडियाकचा पूर्ण वाढलेला नर सहाशे किलोच्याही पुढे जाऊ शकतो, पण तसे नर थोडेच असतात.

गाइड शंभर-दीडशे मीटरच्या आत गेल्याशिवाय गोळी झाडू देत नाही. जखमी अस्वल आल्डरच्या गचपणात शिरले, तर त्याच्या मागावर आत जाण्याची जबाबदारी गाइडवर येते, आणि त्या झाडीत दोन पावलांपलीकडचे दिसत नाही. शिवाय कोडियाकवर जखमी झालेले अस्वल सापडले नाही, तरी ते आपल्या वाट्याचे अस्वल म्हणून मोजले जाते आणि आपली शिकार तिथेच संपते. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. शिकार झाल्यास कातडे आणि कवटी अलास्काच्या वन्यजीव खात्याकडे नेऊन मोहोर करून घ्यावी लागते. तेथील कर्मचारी वय ठरवण्यासाठी अस्वलाचा एक लहान दात काढून घेतात, आणि कातड्यावर नर-मादीची खूण राखलेली नसेल, तर दंड होतो.

या सगळ्यात आपल्यासाठी एक मधला मार्ग आहे, असे मला वाटते. परवाना सहकाऱ्याचा असू द्या, आणि आपण गाइडच्या संमतीने केवळ पाहुणा म्हणून, बंदूक न घेता जा. दुर्बीण मात्र चांगली घ्या. तिथल्या दिवसांतला बहुतांश अनुभव दुर्बिणीतूनच येणार आहे.

प्रश्न : शीतनिद्रेतून नुकत्याच उठलेल्या, भुकेने अर्धमेल्या प्राण्याला गाठून मारणे यात कसला पुरुषार्थ? आणि याच दिवसांत पिल्लेही जन्माला आलेली असतात ना? सुसंस्कृत देशांत याला परवानगी कशी मिळते?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : आपला राग मी समजू शकतो, परंतु वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. वसंतात अस्वले सगळी एकदम बाहेर पडत नाहीत. आधी मोठे नर येतात, मग पिल्ले नसलेल्या माद्या, आणि त्या हिवाळ्यात व्यालेली मादी सर्वांत शेवटी, बहुधा मेमध्ये किंवा त्याहूनही उशिरा, पिल्लांना घेऊन उतरते. पिल्ले जानेवारी-फेब्रुवारीत गुहेतच जन्मतात आणि जन्मतः जेमतेम अर्धा किलोची असतात. हंगाम १५ मे रोजी बंद होतो तो याचसाठी. वसंतात बाहेर दिसणाऱ्या अस्वलांमध्ये नरांचे प्रमाण जास्त असते आणि कोडियाकवर मारल्या जाणाऱ्यांतही नरच बहुसंख्य असतात. पिल्ले सोबत असलेली मादी मारण्यास कोडियाकवर बंदी आहे. मादी पाच वर्षांची होईपर्यंत सहसा व्यात नाही आणि पिल्ले सुमारे तीन वर्षे तिच्याजवळ राहतात, त्यामुळे एक मादी गेली की तिची जागा भरून यायला अनेक वर्षे लागतात. कोडियाक द्वीपसमूहावर साधारण साडेतीन हजार अस्वले आहेत आणि शतकभराच्या नियंत्रित शिकारीनंतरही ती टिकून आहेत, हे मान्य करायला हवे. शिकारी वसंतच निवडतात, त्याचे एक कारण कातड्यातही आहे : या दिवसांत केस दाट असतात, उन्हाळ्यात ते झडतात आणि झाडाखोडांवर घासून विरळ होतात.

काळ्या अस्वलांबाबत मात्र आपली शंका अधिक रास्त आहे. काळ्या अस्वलाची मादी पिल्लांना झाडावर चढवून एकटी चरायला जाते, आणि घाईने पाहणाऱ्याला ती एकटीच वाटते. आमिष ठेवून शिकार होते तेथे तर हा धोका अधिक. पिल्ले अनाथ होतात हा आक्षेप मोठा होता, म्हणूनच कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने १९९९ मध्ये वसंतातली शिकार बंद केली. पुढे २०१४ मध्ये ती मर्यादित भागांत प्रायोगिक म्हणून परत आणली आणि २०२१ पासून कायम केली. कोलोरॅडोच्या मतदारांनी १९९२ मध्ये वसंतातली शिकार, आमिष आणि शिकारी कुत्रे हे तिन्ही एकाच मतदानात बंद केले. कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१७ मध्ये ग्रिझलीची, म्हणजे तिथल्या तपकिरी अस्वलाची, शिकार आदिवासी समाजांचा अपवाद वगळता थांबवली, आणि ती थांबवताना सरकारने अस्वलांच्या संख्येपेक्षा लोकमताकडे बोट दाखवले. मला ते प्रामाणिक वाटले. संख्या टिकते की नाही, हे जीवशास्त्र सांगू शकते. टिकते म्हणून मारावे का, हे त्याने सांगायचे नसते. माझे स्वतःचे मत विचाराल, तर जो माणूस मांस घरी नेऊन खातो त्याच्याशी मी वाद घालणार नाही, पण केवळ भिंतीवरच्या कातड्यासाठी तपकिरी अस्वल मारणे मला पटत नाही. अलास्काच्या बहुतेक भागांत तपकिरी अस्वलाचे मांस उचलून आणण्याची सक्ती नाही, काळ्या अस्वलाचे मात्र वसंतात आणावेच लागते. हा फरक मला खटकतो.

प्रश्न : शेजाऱ्यांनी कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतातल्या शिकारीतले काळ्या अस्वलाचे मांस दिले आहे. दोन महिने फ्रीजरमध्ये आहे, म्हणजे आता निर्धोक समजावे का? तसेच एक लहान कातडे नागपूरला भावाला भेट म्हणून न्यायचे आहे.
— एक वाचिका, कॅलगरी

उत्तर : निर्धोक समजू नये. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचे कृमी असू शकतात, आणि उत्तरेकडील प्राण्यांत आढळणारी त्यांची जात गोठवल्याने मरत नाही. २०२२ मध्ये उत्तर सास्काचेवानमध्ये मे महिन्यात मारलेल्या एका अस्वलाचे मांस दीड महिना गोठवून नंतर एका कुटुंबाने कबाब करून खाल्ले. गोठवले की कृमी मरतात, असे शिकारीची व्यवस्था करणाऱ्याने सांगितले होते. मांस काळपट असल्यामुळे ते आतून कच्चे राहिल्याचे सुरुवातीला लक्षात आले नाही. सहा जण आजारी पडले, आणि त्यांतल्या दोघांनी मांस खाल्लेच नव्हते, फक्त त्यासोबत शिजवलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. तेव्हा घरातल्या शाकाहारी मंडळींसाठी वेगळे भांडे, वेगळी सुरी आणि वेगळा चमचा ठेवावा, आणि मांस आतपर्यंत किमान ७४ अंश सेल्सिअसला पोहोचले, याची खात्री थर्मामीटरने करावी. रंगावर विसंबू नये. कुकरमध्ये रश्श्यासह भरपूर शिजवणे सर्वांत बरे.

कातड्याचा विचार सोडून द्यावा. अमेरिकी काळे अस्वल सायटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे निर्यातीचे कागद लागतात, आणि भारतात वन्यजीव कायद्याचे व सीमाशुल्काचे प्रश्न पुढे उभे राहतात. भावाला मेपल सिरप न्या.

प्रश्न : बुलढाण्यात आणि मेळघाटात दरवर्षी अस्वले माणसांवर हल्ले करतात. अलास्काप्रमाणे आपल्याकडेही गाइडसह मर्यादित शिकार सुरू केल्यास गावांना पैसा मिळेल आणि त्रासही कमी होईल, असे का करू नये?
— एक शेतकरी वाचक, जि. बुलढाणा

उत्तर : आपल्याकडचे अस्वल वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. एखादे अस्वल माणसाच्या जिवाला धोकादायक ठरले, किंवा बरे न होण्याइतके अपंग वा आजारी असले, तरच मुख्य वन्यजीव रक्षक मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतात, आणि तोही त्याला पकडणे किंवा हलवणे शक्य नसेल तेव्हाच. पण कायदा बाजूला ठेवला, तरी ही तुलना जमत नाही. कोडियाकवरील शिकार उघड्या उतारांवर, अर्ध्या मैलावरून निवड करून होते. आपले अस्वल शीतनिद्रा घेत नाही, रात्री फिरते, दिवसा कपारीत पडून असते, आणि मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. तिथे निवड करायला वेळच मिळणार नाही. शिवाय इथला हल्ला बहुधा अचानक समोरासमोर आल्याने होतो, आणि शिकार केल्याने ती गाठ टळत नाही.

आपल्याकडे वसंतात माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात ते मोहफुलांसाठी. मार्च-एप्रिलमध्ये फुले वेचायला अंधारात एकट्याने जाऊ नये. चांगले उजाडल्यावर, तीन-चार जणांनी, मोठ्याने बोलत जावे, झाडाजवळ पोहोचण्यापूर्वी काठी आपटावी, आणि शेळ्यांमागे कपारीत लहान मुलांना पाठवू नये. हल्ला झाल्यास वनविभागाला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा, कारण नुकसानभरपाईसाठी तो लागतो.